वार्निश सुटतं कडेपासून

होडीवरचं वार्निश उन्हानं जातं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. ते कुठून जायला लागतं, हे मला रायबंदरला मांडवीकाठी ओढून ठेवलेल्या एका जुन्या शिडाच्या होडीपाशी कळलं. पाऊस सरला होता, ताडपत्री निघाली होती. सुकाणूचा सागवानी दांडा, बसायच्या जागेभोवतीच्या फळ्या आणि काठाची पट्टी, एवढंच लाकूड वार्निशखाली उघडं. बाकी होडी रंगवलेली. मेस्त्रींनी फळ्यांचा चकचकीत मधला भाग सोडला आणि थेट कडा चाचपल्या. तिथे, स्क्रूंवरच्या बुचांभोवती आणि जोडांवर, पिवळट-पांढरे डाग उठले होते.

“वार्निश शाबूत आहे,” ते म्हणाले, “पकड गेली.”

धारदार कडेवरून ओलं वार्निश मागे सरकतं, त्यामुळे तिथला थर पातळच राहतो. उन्हातले अतिनील किरण पारदर्शक थरातून आत उतरतात आणि लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन मोडतात. वरचा थर धड दिसतो, पण तो ज्याला धरून आहे ते लाकूडच भुसभुशीत झालेलं असतं. त्यात लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं; बारीक चीर पडते, पाणी शिरतं आणि आतच कोंडतं. रंगातलं रंगद्रव्य ऊन अडवतं, म्हणून शेजारची रंगवलेली फळी तगून होती.

यात सागाचा दोष नाही. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहता येतं. मात्र ज्या तेलानं साग टिकतो, तेच तेल वार्निशला चिकटू देत नाही.

आधी सगळं गोड्या पाण्यानं धुतलं, कारण मीठ राहिलं तर ओल धरतं. मग मेस्त्रींनी चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. जिथे पापुद्रा निघाला तिथे लाकडापर्यंत जायचं. जिथे निघाला नाही तिथे नुसता पॉलिश पेपर. माझ्या मते सगळ्या कामातलं कौशल्य या निवाड्यात होतं. सुटलेल्या थरावर नवा हात मारला तर तोही त्याच्याबरोबर सुटणार, आणि घट्ट बसलेला थर खरवडणं म्हणजे जुनी मेहनत फुकट घालवणं.

हीट गननं मऊ करत पापुद्रे खरवडले. खाली जुन्या लोखंडी स्क्रूंभोवती काळे डाग निघाले, लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आल्याचे. त्यांवर हातमोजे घालून ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं, डाग फिके होताच भरपूर पाण्यानं धुतलं आणि लाकूड पूर्ण सुकू दिलं. ही वाट पाहणं मला फार जड गेलं. पण गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो. इथे वरून कोरडं वाटणारं लाकूड आतून ओलं असू शकतं.

मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २२० पर्यंत, रेषेच्या दिशेनंच. धारदार कडा किंचित गोल केल्या आणि जुन्या थराच्या कडा उतरत्या घासल्या, नाहीतर नव्या हाताखाली पायरी दिसते. थिनरनं पुसून सागाचं तेल काढलं. पहिला हात निम्मा थिनर घालून दिला, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचे घट्ट होत गेले, आणि दोन हातांच्या मध्ये ३२० चा पेपर. उघड्या लाकडावर सहा-सात हात पडले. फळ्यांच्या टोकांना, जिथे लाकूड वार्निश पिऊन टाकतं, त्याहून जास्त. सकाळचं दव उडाल्याशिवाय ब्रश बाहेर येत नसे आणि दुपारनंतर नवा हात नाही. सुकण्याआधी दव पडलं की चकाकी मारली जाते.

पुढचा हात मे महिन्यात, ताडपत्री चढण्याआधी, एकही डाग दिसत नसला तरी, असं मेस्त्रींनी मालकाला बजावलं. उरलेलं वार्निश त्यांनी छोट्या बाटलीत काठोकाठ भरून होडीवरच ठेवलं. दोरानं कुठे टवका उडाला तर तो त्याच आठवड्यात भरायला.