माशाच्या रक्ताची साक्ष

भोपाळात आमच्या घराण्याची ही तिसरी पिढी. आजोबा नोकरीनिमित्त इकडे आले आणि इथलेच झाले. ताल म्हणावा तर भोपाळचा, बाकीच्या साऱ्या तळ्या, असे इथले लोक अभिमानाने म्हणतात. तो अभिमान आमच्याही अंगी मुरला आहे. परंपरेप्रमाणे हा मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला. शहराच्या मोठ्या भागाला त्याचेच पाणी मिळते, आणि आमचा गणपतीही वर्षानुवर्षे त्याच पाण्यात निरोप घेत आला.

तीन वर्षांपूर्वी आमची भाची प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी इंदूरहून आमच्याकडे राहावयास आली. तिच्या प्रबंधाचा विषय ऐकून घरात प्रथम हसूच झाले. पाण्यातील विषारी द्रव्यांचा माशांवर काय परिणाम होतो, हे ती त्यांचे रक्त तपासून पाहणार होती. आई म्हणाली, "अगं, माणसांना रक्त तपासून घ्यायला वेळ मिळत नाही, आणि तू माशांचे काढणार?"

आईचे हे बोलणे तिच्याच अंगाशी आले. त्या पावसाळ्यात तिला जिना चढताना धाप लागू लागली. चेहरा टवटवीत, जेवण व्यवस्थित. आम्ही समजलो, वय झाले. भाचीने मात्र हट्टाने रक्त तपासून आणविले. हिमोग्लोबिन अवघे आठ! औषधोपचार झाले आणि आई सावरली. परंतु त्या दिवसापासून माशांच्या रक्ताची थट्टा घरात बंद झाली.

पुढे एका रविवारी आम्ही उभयता भाचीची प्रयोगशाळा पाहावयास गेलो. दोन टाक्यांत मांगूर जातीचे मासे होते. पंधरा दिवस त्यांना तेथील पाण्याची सवय करून दिलेली. मग एका टाकीत साधे पाणी ठेवून दुसरीत शिशाच्या क्षाराची अल्प मात्रा घातलेली. मासे मरतील त्याहून पुष्कळ खालची. दोन्हीकडचे मासे सारखेच तुकतुकीत, सारखेच चपळ. कोणती टाकी कोणती, हे आम्हांला सांगता येईना.

"मामा, हेच तर आहे," भाची म्हणाली. "मेलेला मासा कुणालाही दिसतो. पण तोवर फार उशीर झालेला असतो."

तिने एक मासा ओल्या फडक्यात धरला, शेपटीजवळच्या रक्तवाहिनीत सुई घातली आणि थोडे रक्त काढले. ते गोठू नये म्हणून सुईला आधीच हेपारिन लावलेले. हे काम झटपट करावे लागते. कारण धरपकडीच्या भयानेही माशाच्या रक्तातील साखर वाढते, आणि मग विषाचा परिणाम कोणता व भीतीचा कोणता, हे कळेनासे होते. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी पाहिल्या. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते. माशाच्या पेशी लंबगोल आणि प्रत्येकीत केंद्रक. माशाच्या हाडांत रक्त तयार करणारा मगजही नसतो. ते काम मुख्यत्वे त्याच्या मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग करतो. रेघा आखलेल्या काचेवर पेशी मोजावयाच्या, हिमोग्लोबिन काढावयाचे, बारीक नळीतले रक्त यंत्रात गरगर फिरवून पेशींचा थर किती भरतो ते पाहावयाचे. शिसे हिमोग्लोबिन तयार होण्याच्या कामातच अडथळा आणते, माशात आणि माणसातही. नायट्राइट वाढले तर माशाचे रक्त चक्क तपकिरी पडते. कार्बारिलसारखी कीटकनाशके मज्जातंतूंच्या कामाला लागणारे कोलिनेस्टरेज हे विकर दडपतात, आणि तेही रक्तात तपासता येते.

परंतु एका थेंबावरून निवाडा देता येत नाही. ऋतू, उपासमार, माशाचे वय, पाण्याची उष्णता, सर्वांनी आकडे हलतात. म्हणूनच साध्या पाण्याची टाकी शेजारी हवी. भाचीच्या वहीत दुसऱ्या टाकीच्या रकान्यातील आकडे पहिलीहून खाली होते.

भोपाळकरांना याचे मर्म निराळे समजवावे लागू नये. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट सुटला. तेव्हा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्ताचा असाधारण लालभडक रंग आढळला. मृतांनीही रक्ताच्या रूपाने साक्ष दिली होती. आणि जे वाचले, ते चालते-बोलते दिसले म्हणून निरोगी ठरले नाहीत. हे या शहराने पुढे वर्षानुवर्षे भोगले.

त्याच वर्षी भाद्रपदात गणपतीची मूर्ती ठरविताना भाचीने हळूच विचारले, "मामा, या शेंदरी-पिवळ्या रंगांत काय असते, ठाऊक आहे?" अशा रंगांत शिशाचे व क्रोमियमचे क्षार असू शकतात. भोपाळच्याच संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तलावातील जड धातूंच्या वाढीचा संबंध मूर्तिविसर्जनाशी जोडला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी सूचना काढल्या आणि २०२० साली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली.

आम्ही वाद घातला. शहराचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते-औषधे तलावात जातात. आमच्या वीतभर मूर्तीने असे काय बिघडणार? भाची म्हणाली, "माझ्या टाकीतही चिमूटभरच घातले होते."

आम्हांला उत्तर सुचेना. खरी अडचण आईची होती. तलावावरचे विसर्जन तिच्या सासऱ्यांपासूनचे. घरात देव बुडवावयाचा, हे तिला कसे रुचावे? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "माझेही वरून सगळे ठीकच दिसत होते. मातीचा आणा, रंग नको. हळदकुंकू मी वाहीन."

अनंत चतुर्दशीला अंगणात तांब्याच्या घंगाळात विसर्जन झाले. माती विरघळावयास रात्र गेली. सकाळी आईने ते पाणी स्वतः जास्वंदीला घातले. संध्याकाळी मात्र तिने आम्हांला तलावावर न्यावयास सांगितले. काठावर उभे राहून तिने पाण्याला हात जोडले, आणि कोणी काही न बोलता आम्ही घरी परतलो.