कऱ्हाडच्या तेवढ्या उघडत नाहीत

तर झालं असं, की बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात बुटांच्या दोन खोक्यांत भरलेल्या ३८ कॅसेट सापडल्या. बाबांना टेपरेकॉर्डरचं भारी वेड. घरी कुणी आलं, गप्पा रंगल्या, की हे हळूच लाल बटण दाबायचे. प्रत्येक कॅसेटवर त्यांच्या बारीक अक्षरात नाव. धाकट्या बहिणीने दोन सुट्ट्या खर्चून त्या सगळ्या तिच्या जुन्या मॅकवर उतरवून घेतल्या. अट एकच घातली. फायलींची नावं बाबांनी लिहिली तशीच राहतील, एक अक्षर बदलायचं नाही.

त्या सगळ्या नातेवाइकांना ऐकता येतील असं करायचं काम माझ्याकडे आलं. घरी एक जुना संगणक पडून होता. त्यावर लिनक्स टाकलं, त्याचा फाइल सर्व्हर केला, बहिणीच्या मॅकवरून फायली आरसिंक वापरून थेट त्यावर आणल्या. मग माझ्या विंडोजवर बसून एक यादीचं पान टंकलं. नावावर टिचकी मारा, कॅसेट ऐका. पत्ता सगळ्यांना पाठवला आणि कॉलर ताठ करून बसलो.

दुसऱ्याच दिवशी चुलतभावाचा फोन. "अरे, 'कॅसेट #३' उघडत नाही." थोड्या वेळाने मावशी. "'हे कोण गातंय?' नावाची आहे ना, ती पण नाही."

ही दोन कोडी लवकर सुटली. वेबच्या पत्त्यात # आलं, की त्यापुढचं सगळं ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो. पानातली जागा शोधायची खूण समजतो तो ती. सर्व्हरकडे जातं फक्त 'कॅसेट'. तशी फाइल नाहीच, मग ४०४. प्रश्नचिन्हाचंही तेच. त्याच्यापुढे फाइलचं नाव संपलं आणि काहीतरी विचारणा सुरू झाली असं सर्व्हर धरून चालतो. तिसरी फाइल तर फारच मजेशीर. बाबांनी लिहून ठेवलं होतं, 'आवाज ५०% कमी'. पत्त्यात टक्क्याच्या खुणेला खास अर्थ असतो, तिच्यामागून दोन अंकी सांकेतिक आकडा यायलाच हवा. इथे तो आलाच नाही, म्हणून सर्व्हरने 'विनंतीच चुकीची' म्हणून ४०० दाखवून हाकलून दिलं. उपाय सोपा. # च्या जागी %२३, प्रश्नचिन्हाच्या जागी %३एफ आणि खुद्द टक्क्याच्या जागी %२५. फायलींच्या नावांना हात न लावता दुव्यांतच दुरुस्ती केली. हुश्श!

मग आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. राहते कऱ्हाडला. हल्ली सगळे कराड लिहितात, पण बाबा शेवटपर्यंत कऱ्हाडच लिहायचे आणि आत्या अजून तसंच म्हणते. ती म्हणाली, "अरे, कऱ्हाडच्या तेवढ्या उघडत नाहीत."

मी म्हटलं, "आत्या, तू दोनदा दाबत असशील. एकदाच दाब."

चार दिवसांनी पुन्हा फोन. "एकदाच दाबलं रे. बाकीच्या वाजतात. कऱ्हाडच्या तेवढ्या नाही." मी म्हटलं नेट हळू असेल. तिसऱ्यांदा तर मी चक्क वैतागलो. "माझ्याकडे व्यवस्थित वाजतंय आत्या! शेजारच्या मुलाला बोलाव, तो दाखवेल तुला." ती "बरं" म्हणाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे वाजत होतं, कारण मी घरात बसून थेट फोल्डर उघडून ऐकत होतो. स्वतःच्या यादीतल्या त्या दुव्यांवर मी एकदाही टिचकी मारली नव्हती.

महिनाभराने बहीण आली, तेव्हा तिने विचारलं, "आत्याने आजीची कॅसेट ऐकली का रे?" मला उत्तर देता येईना. म्हणून यादी उघडली आणि 'कऱ्हाड - आई - भूकंप' वर टिचकी मारली. ४०४. कऱ्हाडच्या पाचही फायली, ४०४. आणि 'पायऱ्यांवरच्या गप्पा' सुद्धा! पण सर्व्हर स्वतः जी फोल्डरची यादी दाखवतो, तिच्यातून उघडल्या की छान वाजतात. नावं शेजारीशेजारी ठेवून पाहिली. काना, मात्रा, जोडाक्षर, सगळं सारखं. चष्मा पुसून पाहिलं. तेच.

शेवटी दोन्ही पत्ते नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवले. एक पत्ता नऊ खुणांनी लांब होता!

आता हे नऊ कुठून आले ते सांगतो. वेबच्या पत्त्यात इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं एवढीच चालतात. २००५ सालच्या आरएफसी ३९८६ मध्ये ते नियम आहेत. बाकी सगळ्याचे आधी बाइट होतात, आणि प्रत्येक बाइट टक्का व दोन खुणा असा लिहिला जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पत्त्यात नऊ खुणा. 'कऱ्हाड' मध्ये क, ऱ, हलन्त, ह, काना आणि ड अशी सहा चिन्हं. सहा नवे चोपन्न. सर्व्हरवरच्या नावात मात्र त्रेसष्ट. म्हणजे एक चिन्ह जास्त.

ते चिन्ह होतं नुक्ता. आपला तो कऱ्हाडातला, पायऱ्यांतला, वाऱ्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. अख्खा एक ऱ, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. दोन्ही रूपं युनिकोडला मान्य, दोन्ही समान मानायची असंही तिथे ठरलेलं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल पद्धत नावं साठवताना अशी अक्षरं सुटी करून ठेवायची (२०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस तसं करत नाही). बहिणीने टंकलेला ऱ तिथे फुटला आणि तसाच माझ्याकडे आला. मी यादीत अख्खा टंकला. लिनक्सला अक्षर कळत नाही, बाइट कळतात. त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. बाकीच्या नावांत ऱ नव्हताच, म्हणून ती बिनबोभाट चालत होती.

सगळी नावं इंग्रजीत करून मोकळं व्हावं असा विचार तेव्हा मनात आला, नाही असं नाही. बहिणीने नुसतं पाहिलं माझ्याकडे. मग कन्व्हएमव्ही नावाची आज्ञावली वापरली. तिची एक गोष्ट आवडली. ती आधी फक्त 'मी काय काय बदलेन' ते सांगते, स्पष्ट हो म्हटल्याशिवाय एकाही नावाला हात लावत नाही. सहा नावं बदलली. डोळ्यांना एकही बदललेलं दिसत नाही. बाबांचं अक्षर न अक्षर जागेवर.

रात्रीच आत्याला फोन केला. "आता दाब." पलीकडून आजीचा आवाज ऐकू आला. ११ डिसेंबर १९६७ ची ती कोयनेच्या भूकंपाची पहाट, भांडी कशी फळीवरून खाली आली, सगळे कसे अंगणात धावले... मध्येच एक तरुण आवाज, "दादा, बंद कर की ते!" तो आत्याचाच.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी सांगत होते की नाही तुला? कऱ्हाडच्या तेवढ्याच."

सांगत होती. तीनदा सांगितलं. त्या एका वाक्यात अख्खं निदान होतं. कुठल्या चालतात, कुठल्या नाहीत, आणि त्यांच्यात सारखं काय आहे. मी तेवढं कागदावर लिहून घेतलं असतं, तर एका संध्याकाळचं काम होतं. पण समोर ऐंशीला टेकलेली बाई आहे म्हटल्यावर चूक तिच्याच बोटाची, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

असो. आता कुणाचाही असा फोन आला, की आधी विचारतो, "नेमक्या कुठल्या उघडत नाहीत?" आणि लिहून घेतो. आत्याचा फोन पुन्हा येऊ लागलाय. कालच म्हणाली, की कॅसेट #३ मध्ये बाबा जे गाणं गुणगुणतायत, ते चुकीच्या चालीत आहे.