परतीचे दोर

आपल्याकडे माणसाची किंमत त्याला किती वेळ नाही यावर ठरते. रस्त्यात कुणी भेटलं आणि "काय, कसं काय?" म्हणून विचारलं, तर "मजेत आहे, निवांत आहे," असं उत्तर देऊन बघा. समोरच्याच्या चेहऱ्यावर ताबडतोब संशय उमटतो. यांची नोकरी गेली की काय? त्याऐवजी कपाळाला हात लावून "अहो, मरायलासुद्धा फुरसत नाही!" म्हणा. गृहस्थ आदराने बाजूला होतो.

मी गेली तीस वर्षं एका बँकेत आहे आणि तीस वर्षं मला मरायला फुरसत नाही. सकाळी साडेआठला बाहेर पडायचं, रात्री आठला घरी यायचं. आल्यावर सोसायटीची पाण्यावरची मीटिंग. रविवारी दळण, इस्त्री, गळका नळ आणि कुणाची तरी मुंज. हे सगळं मी डॉक्टरांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी दंडाला बांधलेला पट्टा सोडला, आकडा कागदावर लिहिला आणि शांतपणे म्हणाले, "मरायला फुरसत नाही म्हणता? असंच चाललं तर ती मिळेल."

मग म्हणाले, "छंद काय तुम्हांला?"

"पेपर वाचतो."

"त्यानेच वाढलंय. आठवड्यातून चार तास असं काहीतरी करा, की ज्याचा काहीही उपयोग नाही."

गोळी लिहून दिली असती तर मी निमूट घेतली असती. पण उपयोग नसलेलं काही करायचं म्हणजे काय? आम्ही मध्यमवर्गीय माणसं. आम्ही फिरायला जातो तेसुद्धा येताना कोथिंबीर आणायला. गाणं ऐकतो ते भाजी निवडता निवडता. चार तास नुसते वाया घालवायचे, तेही दर आठवड्याला, हे काही कुणी आम्हांला शिकवलेलं नव्हतं.

शिकवणारा माळ्यावर सापडला.

दिवाळीची साफसफाई चालली होती. मी शिडीवर, चिरंजीव खाली. मी एकेक वस्तू द्यायची आणि त्याने "ही टाकायची?" म्हणून विचारायचं, असा कार्यक्रम. कान तुटलेला कुकर, कुणाच्या तरी लग्नातला लामणदिवा, तीन छत्र्यांच्या काड्या. त्यामागून साडीचा एक खोका निघाला. चिरंजिवांनी तो उघडला आणि तो एकदम गप्प झाला. आत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता.

मला आठवलं. २०१० सालची दिवाळी. चिरंजीव तेव्हा चौथीत. हट्ट करून करून त्याने तो घ्यायला लावला होता. खोक्यावर ९९,९९९ खेळ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात सातच होते आणि तेच तेच नाव बदलून पुन्हा येत होते. भाऊबीजेपर्यंत तो दिवसरात्र खेळला आणि भाऊबीजेच्या रात्री मी तो उचलून माळ्यावर ठेवला. "स्कॉलरशिपची परीक्षा झाली की देतो," असं मी म्हणालो होतो.

परीक्षा झाली. पण मग पाचवीला शाळा बदलली. सहावीत गणित कच्चं निघालं. सातवीला पुन्हा स्कॉलरशिप. त्यानंतर दहावी, बारावी आणि आता तर सी. ए. बिनमहत्त्वाचं वर्ष आमच्या घरात कधी उगवलंच नाही.

चिरंजिवांनी तो गेम हातात फिरवून बघितला, वरची धूळ शर्टाला पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, झाली का रे परीक्षा?"

मी शिडीवर होतो. तिथून कुठे जाता येत नाही.

त्याच संध्याकाळी त्याने लाल, पांढरी, पिवळी अशा तीन वायरी टीव्हीच्या पाठीमागे खोचल्या. पिवळ्या कॅसेटवर फुंकर मारली. अशी फुंकर मारल्यावाचून ती लागत नाही, हे ज्ञान पोरांना कोण देतं देव जाणे. संगीत वाजलं आणि पडद्यावर टोपीवाला, मिशीवाला एक बुटका इसम उभा राहिला. याचं नाव मारिओ. १९८१ साली जपानमध्ये जन्मलेला हा जगप्रसिद्ध पुरुष व्यवसायाने प्लंबर आहे, हे ऐकून मला भडभडून आलं. आमचा प्लंबर "निघालो साहेब, पाच मिनिटांत" म्हणून गेले दोन रविवार येत होता. आणि हा पठ्ठ्या एका राजकन्येला सोडवायला स्वतःहून पाइपात उतरतो!

"हे बटण दाबलं की उडी. खेळ, बाबा."

मी दोन पावलं गेलो. समोरून अळंबीला पाय फुटल्यासारखं काहीतरी तपकिरी, चिडकं प्रकरण डुलत डुलत आलं.

"उडी मार! बाबा, उडी!"

मी उडी मारली. म्हणजे खुर्चीतून मारली. बटण राहिलं. मारिओ मेला.

खेळाच्या सुरुवातीला तीन जीव मिळतात. माझे तिन्ही त्या एकाच अळंबीने एका मिनिटात संपवले. मला घाम फुटला. आता हा ओरडणार, असं मला आतून वाटलं. का वाटलं ते क्षणभर कळेना. पण चिरंजीव नुसता हसला, बटण दाबलं आणि म्हणाला, "असू दे, बाबा. परत करू."

रात्री मला झोप लागली नाही. सतराचा पाढा आठवत होता. "सतरा साते?" असं मी विचारायचो. ते नऊ वर्षांचं पोर बोटं मोडत म्हणायचं, "एकशे... सत्तावीस?" मग माझी मूठ टेबलावर आपटायची. पेन्सिली उडायच्या. "परत म्हण!" मी ओरडायचो. "पहिल्यापासून परत म्हण!"

शब्द तोच. परत. माझ्या तोंडात तो पट्टीसारखा होता. माझ्याच पोराने तो मला हातावर गूळ ठेवावा तसा दिला होता.

रोज अर्धा तास खेळायचं असं ठरलं. सौ.ने फक्त एवढंच विचारलं, "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणता, मग हे मेडिक्लेममध्ये बसतं का?" खेळाने आठवड्याचे साडेतीन तास भरले. उरलेल्या अर्ध्या तासाचं काय करावं या विवंचनेत मी असताना आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला गाठलं. हे गृहस्थ दर रविवारी सिंहगड चढतात आणि उरलेले सहा दिवस ते सांगतात. "कालचा माझा चारशेबारावा," असं ते जिन्यात म्हणतात. "चला की एकदा. तासाभरात वर!"

तासाभरात ते वर पोचले. मी आतकरवाडीहून निघून अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसलो होतो. छातीचा भाता झालेला, गुडघे एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्या बाजूने आजीबाई जात होत्या, शाळेतली पोरं जात होती, एक जण तर पळत वर जाऊन पळत खाली आला आणि पुन्हा वर गेला. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आहे आणि त्यातला एकेक मीटर मला ऐकू येत होता.

दगडाशेजारी एक बाई ताक आणि काकडी घेऊन बसल्या होत्या. मी ताक घेतलं आणि उगाचच सांगितलं, "वर जायचं होतं. पण..."

"मग जावा की फुडल्या ऐतवारी," बाई काकडीला मीठ लावत म्हणाल्या. "गड काय पळून जातुय व्हय?"

तीस वर्षांत मला इतका सोपा हिशेब कुणी सांगितला नव्हता. मी मुकाट्याने खाली आलो. घरी "सिंहगडला गेलो होतो" असं सांगितलं. हे अक्षरशः खरं होतं. पण सौ.ने लगेच विचारलं, "पिठलं-भाकरी कशी होती?" आणि मी पकडला गेलो.

पुढच्या रविवारी त्या दगडाच्या वर दोन वळणं गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. तिकडे टीव्हीवर अळंबी ओलांडली, मग खड्डा ओलांडला, मग कासवं. दोन्हीकडची प्रगती मी बँकेच्या डायरीत लिहून ठेवू लागलो. चिरंजिवांनी ती वही बघितली आणि म्हणाला, "बाबा, याचासुद्धा तू ताळेबंद केलास?"

पाचव्या रविवारी पुणे दरवाज्यात शिरलो. अंगाला लागलेला वारा, खाली खडकवासल्याचं पाणी, पलीकडे राजगड आणि तोरणा. पिठलं, भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. डॉक्टरांनी चढायला सांगितलं होतं, खाण्याबद्दल स्पष्ट काही म्हटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात टीव्हीवरचा पहिला किल्लाही सर केला. आता राजकन्या भेटणार म्हणून मी केसांवरून हात फिरवला. तर तिथे एक छोटासा सेवक उभा. त्याने आभार मानले आणि राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचं सांगितलं. असे आठ किल्ले आहेत म्हणे, आणि पहिल्या सातांत हेच उत्तर मिळतं. मी खो खो हसलो. तीस वर्षं काउंटरच्या आत बसून मी दुसरं काय केलं होतं? "हे इथे होत नाही, चार नंबरला जा." लोक मला शिव्या का घालतात, ते मला एका प्लंबरच्या जागी उभं राहिल्यावर कळलं.

एक रविवारी चिरंजीवही गडावर आला. चढताना त्याने सांगितलं की मारिओचा कर्ता शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे गावात डोंगरदऱ्यांतून भटकायचा. एकदा त्याला एक गुहा सापडली. दिवा घेऊन तो आत शिरला. पुढे १९८६ साली त्याने 'द लेजेंड ऑफ झेल्डा' हा खेळ केला, त्यात ते डोंगर आणि ती गुहाच आहे. मी थबकलो. खेळ हा रोग आणि डोंगर हे औषध, असं मी समजत होतो. इथे तर दोघांचं गोत्र एकच निघालं. म्हटलं, बरं झालं, त्या पोराच्या बापाने दिवा काढून घेऊन माळ्यावर ठेवला नाही.

वर तानाजीच्या समाधीपाशी बसलो. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र आपल्याला पाठ असते. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले आणि सूर्याजीने ओरडून सांगितलं की परतीचे दोर कापून टाकले आहेत, अशी ती गोष्ट. मी ती चिरंजिवांना तो पाच वर्षांचा असताना सांगितली होती. त्या वेळी मला फार आवडायची. पण त्या दिवशी दही खाता खाता वाटलं, सूर्याजीने दोर कापले ते एका रात्री, शत्रू समोर असताना. मी मात्र चौथीतल्या पोराचे सतराच्या पाढ्यावर कापले, सातवीत कापले, दहावीत कापले. शत्रू कोण होता, कुणाला ठाऊक!

हे चिरंजिवांना सांगावं असं फार वाटलं. पण आपल्याकडे बापाने मुलाला असलं काही सांगायची पद्धत नाही. मी म्हटलं, "दही घे आणखी."

दीड वर्षापूर्वी सी. ए. इंटरचा एक ग्रुप राहिला तेव्हा मी त्याच्याशी चार दिवस बोललो नव्हतो. पाचव्या दिवशी बोललो, ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. या खेपेचा निकाल लागला तेव्हा चौथा शनिवार होता. बँकेला सुट्टी, म्हणून मी एकटाच गडावर. दह्याचं मडकं हातात आणि फोन वाजला.

"बाबा, वर पोचलास का?"

"आत्ताच."

"बस खाली. ग्रुप परत राहिला."

मी बसलो. खरं सांगतो, जुनं वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. इतक्या वर्षांची सवय, ती काय पाच-सहा रविवारांत जाते? पलीकडे तो काहीच बोलत नव्हता. फक्त श्वास ऐकू येत होता, कुणीतरी खुर्चीतून ओरडेल म्हणून वाट बघणाऱ्या माणसाचा. तो श्वास मला ओळखीचा वाटला. त्या अळंबीपाशी माझा तसाच होता.

"गड काय पळून जातुय व्हय?" मी म्हणालो.

"काय?"

"असू दे, म्हटलं. परत करू."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग नाक ओढल्यासारखा आवाज आला. "रेंज नाहीये नीट," तो म्हणाला. मीसुद्धा म्हटलं, "हो, इथेही नाहीये."

थोड्या वेळाने म्हणाला, "निकाल काल रात्रीच कळला होता. पण तू गडावर पोचेपर्यंत थांबलो. तिथे तुझं बीपी कमी असतं."

परवा डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला आणि विचारलं, "काय केलंत?" मी अभिमानाने म्हटलं, "काहीही उपयोगाचं नाही."

चिरंजिवांचा अभ्यास पुन्हा सुरू झाला आहे. गेम टीव्हीखालीच असतो, माळ्यावर कुणी ठेवलेला नाही. काल रात्री पुस्तक मिटून तो म्हणाला, "बाबा, एक डाव?" "आधी अभ्..." इतकं माझ्या तोंडून गेलंच. उरलेलं गिळलं आणि खुर्ची पुढे ओढली. साडेअकराला आम्ही चौथ्या किल्ल्याच्या दारात उभे होतो. पुढे आग होती, माझा शेवटचा जीव होता आणि इतक्यात सगळं अंधारलं. सौ.ने मेन स्विच बंद केला होता. आणि या जुन्या खेळात, मंडळी, खेळलेलं साठवून ठेवायची सोय नाही. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.

अंधारात दोघंही क्षणभर गप्प होतो.

मग दोघांनी एकदमच तो शब्द म्हटला.