पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि लग्नं बंद होतात. आगरदांड्याला आमच्या घरचं वर्ष असं सुरू होतं. आम्ही मुरूडला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणजे लिहिणारी ही बाई शिकवते, आणि हे फोटो काढतात. उर्दूत स्वतःला 'हम' म्हणायची सवय लागली ती मराठी लिहितानाही सुटत नाही. शिवाय जे सांगायचं आहे त्यात एकटीचं असं फारसं काही नाही, म्हणून 'आम्ही'च बरं.

ह्यांचा स्टुडिओ म्हणजे रस्त्यालगतचा दहा बाय बाराचा गाळा. पुढे काउंटर, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं मशीन, मागे पडदा, एक स्टूल, दोन छत्रीचे लाईट. पावसाळ्यात धंदा म्हणजे पासपोर्ट साइजच्या आठ कॉप्या आणि मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म. खरी कमाई उन्हाळ्यात, कुवेत-दुबईची मंडळी सुट्टीवर येतात तेव्हा. तीन महिन्यांत मिळवायचं आणि नऊ महिने पुरवायचं. २०१९ ते २०२२ या वर्षांत रमजान एप्रिल-मेमध्ये आला आणि तो हंगामही अर्धा झाला. त्यात दोन वर्षं लॉकडाऊनची. त्या काळात घर आमच्या पगारावर चाललं. गावात लोक बोलले. "बायको मास्तरीण आहे, त्याला काय चिंता?" असं हसत हसत बोलतात, पण लागतं. हे काही म्हणाले नाहीत, फक्त बाजारात जाणं कमी केलं. आम्हीही काही म्हटलं नाही. लग्न झालं तेव्हा आम्ही शिक्षणसेवक होतो, महिना आठ हजार मानधन, तेही तीन-तीन महिने थकायचं. तेव्हा बी.एड.चं कर्ज ह्यांनी लग्नांच्या बयाण्यांतून फेडलं होतं, हे गावाला माहीत नाही. नवरा-बायकोचे हिशेब गावाच्या वहीत लिहिलेले नसतात.

हे धंदा शिकले रोलच्या जमान्यात. छत्तीसचा रोल असायचा, पण सुरुवातीला नीट भरला तर त्यातून सदतीस, कधी अडतीस फोटो निघायचे. वरचे दोन फोटो म्हणजे नफा, असं हे सांगतात. रोल धुवायला अलिबागला जायचा. लग्न खाडीपलीकडे, दिघी, बोर्ली पंचतन किंवा म्हसळ्याला असलं की बॅगा, स्टँड, लाईट घेऊन बोटीने जायचं. आता गाड्या नेणारी फेरीबोट आहे, तिला सगळे जंगलजेटी म्हणतात. रात्रीची शेवटची फेरी चुकली की लग्नघरीच मुक्काम. खाडीवर पूल व्हायचा आहे, मग ही कटकट संपेल, असं लोक म्हणतात. हे म्हणतात, पूल झाला की अलिबागचे फोटोवालेही सहज पलीकडे पोचतील.

त्या काळी लग्नाची कॅसेट आणि अल्बम सगळ्यात आधी परदेशी जायचा. आमच्या भागात घराघरातला एक माणूस आखातात. बहिणीच्या निकाहला रजा मिळाली नाही की तो कॅसेटची वाट बघत बसणार. ह्यांच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण तेच. वधू-वर तर कोणीही काढेल, पण हजर नसलेल्या माणसासाठी काय काढायचं, ते कळलं पाहिजे. वडील खुर्चीत कसे बसले, दारातलं नवं जोतं, मांडवात कोण कोण आलं. एका अल्बममध्ये ह्यांनी नुसत्या विहिरीचा एक फोटो घातला होता. पार्टी रागावली, याचे पैसे का द्यायचे? पुढे कतारहून त्या मुलीच्या भावाने फोन करून त्याच फोटोची मोठी कॉपी मागवली.

आता आमच्याबद्दल. २०१३ साली एका लग्नात हळदीच्या खोलीत पुरुष फोटोवाला चालणार नाही, असं मुलीकडच्यांनी ठरवलं. ऑर्डर जायची वेळ आली. ह्यांनी आमच्या हातात कॅमेरा दिला, एका संध्याकाळी शिकवलं आणि आत पाठवलं. निम्मे फोटो हलले. उरलेल्या निम्म्यांत मात्र नवऱ्या मुलीची आजी मुलीच्या पायाला हळद लावताना रडते आहे, तो एक होता. तेव्हापासून बायकांकडचे फोटो आम्ही काढतो. शाळेतून येऊन, कपडे बदलून, रात्री बारापर्यंत. अल्बमवर नाव ह्यांचंच छापलं जातं.

यावरून एकदा घरात वाजलं. आमचं म्हणणं, आतले फोटो आमचे आहेत तर खाली बारीक अक्षरांत तरी नाव हवं. ह्यांचं म्हणणं, शाळेतल्या बाई लग्नात फोटो काढतात हे छापून आलं तर उद्या कोणी तक्रार करेल. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण लांबलं. मग आम्ही होमाई व्यारावाला यांच्याविषयी वाचलं. आपल्या देशातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार बाई. फोटो काढायला त्यांना त्यांच्या नवऱ्याने, माणेकशॉ यांनी शिकवलं, आणि सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्याच नावाने छापले जात. माणेकशॉ १९६९ साली गेले आणि १९७० मध्ये बाईंनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्या वर्षी त्या गेल्या. आम्ही हे जेवताना वाचून दाखवलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नवरा गेल्यावर कॅमेरा का ठेवला असेल?" नावाचा विषय तिथेच राहिला. पण त्या हंगामापासून आतल्या फोटोंच्या फोल्डरला हे आमचं नाव देतात. ते फक्त आम्हा दोघांनाच दिसतं.

आतल्या खोलीत बायका ओढणी सोडून मोकळ्या बसलेल्या असतात. तिथे काढलेला फोटो ही अमानत. सुरुवातीला आम्हाला हे पुस्तकातल्यासारखं वाटायचं. मग एका लग्नानंतर मेंदीचा फोटो, मोकळ्या केसांचा, कोणाकोणाच्या मोबाईलवर फिरला. मुलीच्या सासरी बोलाचाली झाली. सगळ्यांनी बोट आमच्याकडे दाखवलं. फोटोवाल्याशिवाय कोण? आठ दिवसांनी कळलं, मामेबहिणीने आपल्या फोनवर काढून मैत्रिणीला पाठवला होता. माफी कोणी मागितली नाही, आणि त्या मोसमात पलीकडच्या दोन ऑर्डरी गेल्या. त्यानंतर आम्ही रीत बदलली. अल्बम छापून झाला की आतल्या फोटोंचं कार्ड मुलीच्याच हातात देतो, आईच्या नाही, भावाच्या नाही. तिने ठेवा म्हटलं तर ठेवतो, नको म्हटलं तर तिच्यासमोर कॉम्प्युटरवरून काढून टाकतो. काही मुली नको म्हणतात. ह्यांचा जीव तुटतो, कारण त्यांत चांगले फोटो असतात.

बाहेरची तऱ्हा वेगळी. शेखाडीला १९९३ साली स्फोटकं उतरली आणि २००८ साली मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला, तेव्हापासून या किनाऱ्यावर कॅमेऱ्याकडे बघण्याची नजर बदलली आहे. एकदा जेटीवर हे नवरा-नवरीचे फोटो काढत असताना एकाने नाव विचारलं. सांगितलं, तर पुन्हा विचारलं. कार्डातले सगळे फोटो बघितले. नवरी बिचारी उन्हात उभी. घरी आल्यावर ह्यांनी एवढंच सांगितलं की आज उजेड चांगला होता, पण वेळ गेला.

फोटो काढावा की काढू नये, हा वाद आमच्या घरातही होता, आणि तो घालणाऱ्या होत्या आमच्या सासूबाई. त्यांना सगळे अम्मा म्हणत. मुलगा फोटोच्या धंद्यात आहे हे त्यांनी पोटासाठी म्हणून मान्य केलं होतं, पण स्वतःचा काढू दिला नाही. आम्ही नवीन होतो, बी.एड.चा तोरा होता. आम्ही त्यांना सांगायचो की मौलाना आझादांच्या 'अल-हिलाल'मध्ये १९१२ साली फोटो छापले जात होते. इजिप्तच्या मुफ्तींनी फोटोला आरशातल्या प्रतिबिंबासारखं मानलं होतं. आपल्या जंजिऱ्याच्या नाझली बेगम, अतिया फैजींची बहीण, १९०८ साली युरोप फिरून आल्या, प्रवासावर उर्दूत पुस्तक लिहिलं, त्यांचे फोटो आजही बघायला मिळतात. अम्मा तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बेगम होती ती. तिला तांदूळ निवडायचे नव्हते." यावर काय बोलणार? खरं तर धर्मापेक्षा त्यांचा दुसराच हट्ट होता, असं आता वाटतं. ज्या बाईचं आयुष्य सगळ्यांच्या उपयोगी पडण्यात गेलं, तिने एक गोष्ट कोणाला न देता स्वतःकडे ठेवली होती.

सरकारने मात्र सोडलं नाही. मतदार ओळखपत्रावर त्यांचा चेहरा आहे म्हणायचा, दिसतो फक्त काळा डाग. आधारवरही तीच गत. २०१६ साली हजचा नंबर लागला तेव्हा अर्जाला पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो हवा होता. दुसऱ्या फोटोवाल्याकडे जायला त्या तयार नव्हत्या. दुपारच्या वेळी ह्यांनी स्टुडिओचं शटर अर्ध्यावर ओढलं, मागे पांढरी चादर लावली, अम्मांना स्टुलावर बसवलं. आम्ही चादरीची सुरकुती धरून उभे. चार फोटो निघाले. पहिल्यात डोळे मिटलेले. दुसऱ्यात त्या काहीतरी बोलतायत. तिसऱ्यात हात उचललेला, कारण ह्यांनी "अम्मा, जरा हस" म्हटलं होतं. चौथा अर्जाला लागला. निघताना म्हणाल्या, "काम झालं की पुसून टाक." हे "हो" म्हणाले.

अम्मा हज करून आल्या, आणि २०१८ च्या हिवाळ्यात गेल्या.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या, घरांचे पत्रे उडाले. स्टुडिओचा पत्रा शेजारच्या वाडीत सापडला. कॉम्प्युटर पाण्यात, निगेटिव्हचे डबे पाण्यात. कित्येक दिवस वीज नव्हती. ह्यांनी घरात दोऱ्या बांधून निगेटिव्ह वाळत घातल्या. मुलं त्यांच्याखालून वाकून जायची. लोक यायला लागले, त्यांच्या घरातले अल्बमही भिजले होते. आमच्या निकाहची निगेटिव्ह आहे का? अब्बांचा एखादा फोटो निघेल का? ज्यांनी पैसे पुरे दिले नव्हते तेही आले. ह्यांनी कोणाला परत पाठवलं नाही. असेल ते शोधून दिलं.

वाहतूक सुरू झाल्यावर हे हार्ड डिस्क घेऊन मुंबईला गेले. डेटा काढायचा खर्च ऐकून आम्ही गप्प झालो, आमच्या महिन्याच्या पगाराएवढा होता. त्या वर्षी एकही ऑर्डर नव्हती. हे म्हणाले, लोकांची लग्नं आहेत त्यात, धंद्याचा सवाल आहे. आम्ही पैसे दिले. डिस्क परत आली त्या रात्री दोन वाजता जाग आली तर हे कॉम्प्युटरसमोर बसलेले. लग्नाचं एकही फोल्डर उघडलेलं नव्हतं. आम्ही पाणी पिऊन परत झोपलो. अम्मांना दिलेला शब्द यांनी पाळला नव्हता हे आम्हाला त्या रात्री कळलं, आणि आम्ही ते आजपर्यंत विचारलेलं नाही.

पण भिंतीवर लावला नाही. मुलीने एकदा विचारलं, सगळ्यांच्या घरी दादीचा फोटो आहे, आपल्याकडे का नाही, आपण तर फोटोवाले. हे म्हणाले, दादीने नको म्हटलं होतं. कुवेतहून भाईजान, ह्यांचे थोरले भाऊ, दर ईदला फोनवर मागायचे. अम्मांच्या जनाज्याला त्यांना पोचता आलं नव्हतं. "व्हॉट्सअॅपवर टाक रे, एक मिनिटाचं काम." हे टाळायचे. आम्हाला वाईट वाटायचं. परदेशातल्या माणसांसाठी विहिरीचे फोटो काढणारा माणूस सख्ख्या भावाला आईचा एक फोटो देत नाही, हे काय? एका ईदला भाईजान चिडले, फोन ठेवून दिला. तेव्हा ह्यांनी आम्हाला सांगितलं, "पाठवला की तो वहिनीच्या फोनवर जाईल, मग मुलांच्या, मग पुण्यतिथीला सगळ्यांच्या स्टेटसवर. मी पुसला नाही एवढंच पुरे आहे."

गेल्या मे महिन्यात भाईजान आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी त्यांना स्टुडिओत बोलावलं. आम्हालाही थांबायला सांगितलं. शटर अर्ध्यावर ओढलं, पंखा लावला, त्यांना त्याच स्टुलावर बसवलं आणि चौथा फोटो स्क्रीनवर उघडला.

भाईजान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसून म्हणाले, "इतकी रागात का आहे?"

"मला शिव्या घालत होती."

"आणखी आहेत?"

ह्यांनी मागचे तीन उघडले. हात उचललेल्या फोटोवर भाईजान थांबले, आणि अचानक मान बाजूला केली, लहानपणी करत असतील तशी. मग स्वतःच हसायला लागले. हेही हसले. आम्ही चहा सांगायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा दोघे भाऊ अजून त्याच फोटोसमोर बसलेले होते, आणि अम्मा तेव्हा नेमकं काय बोलल्या, यावर त्यांचा वाद चालला होता.