सॉनिक हेजहॉग या जनुकास

प्रिय सॉनिक हेजहॉग,

तुला गाठायचे तर कोंबडीचे अंडे तीन-साडेतीन दिवस उबवलेले हवे. ते आडवे ठेवून सुईने थोडा पांढरा बलक काढून घेतला की गर्भ कवचापासून खाली सरकतो. मग बारीक कात्रीने कवचाला खिडकी पाडायची. आत रक्तवाहिन्यांचे जाळे, धडधडणारे हृदय आणि पंखाच्या जागी नुसता फुगवटा, पंखाचा अंकुर. हाड नाही की बोट नाही. तू मात्र डोळ्यांना दिसत नाहीस. गर्भ रसायनात स्थिर करून तुझ्या आरएनएला चिकटणारा धागा त्यात सोडला आणि रंग चढवला, की त्या अंकुराच्या मागच्या कडेला जांभळा ठिपका उमटतो. पुढची कड कोरीच राहते.

ती मागची कड महत्त्वाची आहे, हे तुझे नाव ठाऊक नव्हते तेव्हाच कळले होते. सॉन्डर्स आणि गॅसेलिंग यांनी 1968 मध्ये तिथला ऊतीचा तुकडा दुसऱ्या अंकुराच्या पुढच्या कडेला बसवला, आणि पंखाला आरशातल्यासारखी उलट्या क्रमाची जादा बोटे फुटली. त्या तुकड्यातला कर्ता तू आहेस, हे हार्वर्डमध्ये क्लिफ टॅबिन यांच्या प्रयोगशाळेने 1993 मध्ये दाखवले.

तेव्हापासून तुला ‘बोटांचे जनुक’ म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. बोटांच्या कितीतरी आधी, पहिल्याच दिवशी, तू गर्भाच्या मध्यावरच्या गाठीत फक्त डाव्या बाजूला जागा असतोस. उजवीकडेही तुला जागे केले, तर हृदय कोणत्या बाजूला वळेल याचा नेम राहत नाही. पुढे मज्जारज्जूत कुठे कोणती चेतापेशी घडेल, तेही तुझ्यावर अवलंबून. गर्भाच्या प्रत्येक पेशीत तू आहेसच. कुठे आणि कधी जागा होतोस, यावर सगळे ठरते.

हातापायांच्या अंकुरांत तुला जागे करणारी कळ माणसात तुझ्यापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात दडलेली आहे. सिल्की कोंबडीच्या पायाला चारांऐवजी पाच बोटे असतात, कारण त्या कळीतले एक अक्षर बदलले आहे आणि तू पुढच्या कडेलाही जागा होतोस. माणसांतही अंगठ्याच्या बाजूला जादा बोट असलेल्या काही कुटुंबांत याच कळीत बदल सापडला आहे.

आणि आपल्याकडे अजून अशा बाळाच्या आईला विचारतात, ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? म्हणून हे पत्र उघडे लिहितो आहे. घरातल्या मोठ्या माणसांनी ते वाचावे. हाताला किती बोटे फुटायची, हे पोटात दुसरा महिना सरण्याआधीच ठरून जाते. त्यात विळीचा संबंध नाही, ग्रहणाचा नाही. आणि कळीतला तो बदल बापाकडूनही आलेला असू शकतो.

तुझा,
गर्भविज्ञानाचा एक शिक्षक