दहा डॉलरांचा हिशेब

2019 च्या सप्टेंबरात आम्ही उभयता इंदूरहून मुलाकडे अमेरिकेस गेलो होतो. ग्रँड कॅन्यन आणि झायन ही दोन राष्ट्रीय उद्याने पाहावयाची ठरली. मोटारीमागे प्रवेशशुल्क प्रत्येक ठिकाणी 35 डॉलर. सर्व राष्ट्रीय उद्यानांत चालणारा वर्षभराचा पास 80 डॉलरांचा. ह्यांनी तत्काळ हिशेब मांडला, "सत्तरात भागते, मग दहा अधिक कशाला? पुढच्या वर्षी आपण थोडेच येणार आहोत!" मुलगा गप्प झाला. (जन्मभर बँकेत खातेवह्या लिहिलेल्या माणसाला काय सांगावे!) शेवटी मीच म्हटले, "घे रे पास."

पासावर दोघांच्या सह्यांना जागा होती. एक त्याने केली, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "बाबा, इथे तुमची." ह्यांनी चष्मा पुसला आणि बँकेत करीत तशी सावकाश, पूर्ण सही केली.

पास होताच, म्हणून ब्राइस कॅन्यनही पाहिले. तेथेही शुल्क 35 च. "पंचवीस डॉलर वाचले!" हे मोटारीत दोनदा म्हणाले.

पासाची मुदत सप्टेंबर 2020 अखेरपर्यंत होती. त्या मार्चमध्येच विमाने थांबली. पुढे त्या पासाचे काय झाले, ते आम्ही मुलाला विचारले नाही.