केनच्या पात्रातील झाडे

खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिराचे दर्शन घेतल्यावर जवाहिऱ्यांची पावले सहसा पन्न्याकडे, हिऱ्यांच्या खाणींकडे वळतात. आम्ही मात्र या खेपेस उत्तरेची वाट धरून केनकाठच्या बांदा शहरी गेलो. पन्न्याच्या मुलखातून वाहत येणारी केन बांद्यावरून पुढे चिल्ला गावाजवळ यमुनेला मिळते. तिच्या पात्रात सापडणारा शजर आम्हांस पाहावयाचा होता.

शजर हा मूळ अरबी शब्द, अर्थ झाड. दुधी, अर्धपारदर्शक अकीकात काळ्या-तांबूस फांद्या पसरलेल्या दिसतात, म्हणून हे नाव. शरद पौर्णिमेच्या चांदण्यात दगडासमोर जे येईल त्याची छबी आत उमटते, अशी तिकडची समजूत. वस्तुतः मँगनीज आणि लोह यांची द्रव्ये पाण्यासवे सूक्ष्म भेगांत झिरपून अशी फांद्याफांद्यांनी साचतात.

"मग हा वनस्पतिकाय की पृथ्वीकाय?" आईने विचारले.

झाडाचा त्यात अंशही नाही, असे मी सांगितले तेव्हा तिने खडा निःशंकपणे हाती घेतला.

आमच्या घरी तीन पिढ्या हिऱ्यांचा व्यवहार. भिंगाखाली काळा ठिपका दिसला की भाव पाडावयाचा, ही सवय हाडीमासी खिळलेली. एका वृद्ध कारागिरांनी पुढे केलेला खडा पाहून मी बोलून गेलो, "डाग फार आहेत." त्यांनी तो उचलून घेतला आणि एक स्वच्छ, निर्मळ खडा ठेवला. "शेठजी, बिनडागाचा हवा तर हा तसाच न्या. याचे मोल नाही."

मी ओशाळलो.

खरी कसोटी कापण्याची. झाड कोणत्या थरात, किती खोल आहे, हे बाहेरून पुरते कळत नाही. चाक केसभर अधिक गेले की फांदी गेली. ती पुन्हा जोडता येत नाही. शासनाच्या 'एक जनपद एक उत्पाद' योजनेत बांद्यासाठी शजरचीच निवड झाली आहे. "पण मुलगा काही चाकावर बसत नाही," ते म्हणाले. कुटुंबातील हा हात बहुधा त्यांच्यापाशीच थांबणार होता.

त्यांच्या डबीत एक खडा निराळा ठेवलेला होता. बुंधा आणि डावीकडच्या फांद्या तेवढ्या शाबूत. उजवी बाजू चाकाखाली गेलेली. तारुण्यातील ती चूक त्यांनी विकलीही नव्हती, टाकलीही नव्हती.

आईने नेमका तोच मागितला. किंमत काय सांगावी, हे त्यांना बराच वेळ सुचेना.